ऑलिम्पिक संपल्यावर मैदानाचं काय होतं? (रिचमंड ओव्हलबद्दल विचारायचंय)

मुरूमवाट

नमस्कार मंडळी. वाचक जुनी आहे, धागा पहिलाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाला आमच्या गावचं क्रीडा संकुल घेतलंय. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) काही वर्षांपूर्वी एका मोठ्या स्पर्धेसाठी ते बांधलं. स्पर्धा आठ दिवस चालली. शेवटच्या संध्याकाळी मंडपवाल्यानं खुर्च्या उचलल्या, टेम्पोत घातल्या, आणि मोठ्या हॉलला कुलूप लागलं ते लागलंच. आत कबुतरं आहेत. बॅडमिंटनच्या लाकडी फ्लोअरला पावसाचं पाणी लागून फळ्या अशा फुगल्यात की चालताना पाय अडतो. पोरं मागच्या भिंतीच्या भगदाडातून आत शिरतात आणि पार्किंगमध्ये टेनिस बॉलनं क्रिकेट खेळतात. वॉचमनकाका त्यांना हाकलत नाहीत, कारण अंपायर तेच असतात.

मॅडम म्हणाल्या, कॅनडातलं रिचमंड ऑलिम्पिक ओव्हल बघ. 2010 च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिम्पिकसाठी शेजारच्या रिचमंड गावात बांधलं आणि आता गावाची व्यायामशाळा-खेळघर म्हणून चालतं. नेटवर फोटो भरपूर आहेत, पण सगळे रिकाम्या हॉलचे, एकही माणूस नाही. इथे कुणी त्या भागात राहणारं आहे का? मला साध्या मंगळवारी तिथे कोण येतं आणि काय करतं ते हवंय. एवढा बर्फ होता तो गेला कुठे? आणि लाइटबिल कोण भरतं?

गल्लीतला_गावसकर

लाइटबिल तुम्ही-आम्ही भरतो, अजून कोण. कॅनडातल्याच मॉन्ट्रियलचं स्टेडियम 1976 च्या ऑलिम्पिकसाठी बांधलं, त्याचं कर्ज फिटायला 2006 उजाडलं. तीस वर्षं! सिगारेटीवर कर लावून फेडलं म्हणे. ज्या पोराचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्यानं मोठं होऊन, सिगारेटी ओढून, त्या स्टेडियमचे हप्ते भरले. पांढरा हत्ती तो पांढरा हत्तीच, मग त्याला झूल कुठलीही घाला.

लुलूबेटकर

मुरूमवाट, तुझा धागा वाचला आणि चहा तसाच बाजूला ठेवून लिहायला बसले. लांबण लागणार, आधीच सांगते.

मी मूळची वाईची, 1999 पासून रिचमंडला. वय 67. ओव्हल माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं, नदीच्या बांधावरून रमतगमत गेलं तर अर्धा तास. आमचं गाव म्हणजे फ्रेझर नदीच्या मुखाशी असलेलं लुलू बेट. सपाट, गाळाचं. वाईहून आलेल्या बाईला पहिली दोन वर्षं डोंगराशिवाय चुकल्यासारखं व्हायचं. डोंगर आहेत, पण नदीपार, लांब.

मंगळवार विचारलास, तर मंगळवारच सांगते. सकाळी साडेनऊला मी कार्ड दाखवून आत जाते. तळमजल्याला गाड्या लागतात, खेळाचा पसारा वर. वर गेल्यावर पहिल्यांदा काय जाणवतं तर आवाज. एका बाजूला बर्फाची दोन मोठी मैदानं आहेत. तिथे चार-चार वर्षांची पोरं, डोक्यापेक्षा हेल्मेट मोठं, समोर आधाराचा सांगाडा ढकलत चाललेली. धप्पकन पडतात, इकडेतिकडे बघतात, आई काचेपलीकडे आहे म्हटल्यावर न रडता उठतात. मधे लाकडी कोर्टं: बॅडमिंटन, बास्केटबॉल, टेबल टेनिस, आणि हल्ली जिकडेतिकडे पिकलबॉल (छोट्या कोर्टावर फळीसारख्या बॅटनं प्लॅस्टिकचा चेंडू मारायचा खेळ). त्याचा तो टॉक-टॉक आवाज मला शेजारी खलबत्ता चालू असल्यासारखा वाटतो. पलीकडे 200 मीटरची धावपट्टी. व्यायामाची यंत्रं काचेच्या बाजूला, समोर नदी आणि पाण्यावर उतरणारी छोटी विमानं. पलीकडच्या बेटावर विमानतळच आहे.

आमचा बॅडमिंटनचा कंपू: मी, हाँगकाँगहून आलेली 74 वर्षांची एक बाई, ट्रक चालवून निवृत्त झालेले एक पंजाबी भाईसाहेब, आणि रात्रपाळी संपवून थेट येणारी एक फिलिपिनो नर्स. हाँगकाँगवाली ड्रॉप असा टाकते की शटल जाळीवरून घसरत खाली येतं आणि आपण नुसतं बघत राहायचं. गेली सहा वर्षं मी तिच्याकडून हरतेय. रिचमंडमध्ये निम्म्याहून जास्त लोक चिनी वंशाचे आहेत, त्यामुळे बॅडमिंटन आणि टेबल टेनिसला इथे कोर्टं पुरत नाहीत. हे मुद्दाम सांगतेय. गावाला काय खेळायचंय ते गावावरून ठरतं. स्पर्धेत काय होतं यावरून ठरवलं असतं तर इथे फक्त स्पीड स्केटिंग (बर्फावर स्केट घालून वेगाची शर्यत) राहिलं असतं, आणि ते करणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी.

आता जरा मागे जाते. 2010 च्या फेब्रुवारीत मी इथेच स्वयंसेवक होते. आम्हाला निळी जाकिटं दिली होती. माझं अजून कपाटात आहे, चेन बिघडलीय. काम काय, तर तिकीट बघून लोकांना खुर्ची दाखवणं. तेव्हा आत 400 मीटरची बर्फाची धावपट्टी होती आणि आठेक हजार माणसं मावतील एवढ्या बैठका. निम्मं सभागृह डच लोकांनी नारंगी करून टाकलेलं. 23 तारखेला स्पीड स्केटिंगची दहा हजार मीटरची शर्यत होती. नेदरलँड्सचा स्वेन क्रामर सगळ्यांच्या पुढे, प्रश्नच नव्हता. त्यात पळणाऱ्यांनी दर फेरीला आतली-बाहेरची लेन अदलाबदल करायची असते. तो बरोबर बाहेरच्या लेनमध्ये चालला होता, प्रशिक्षकानं ओरडून आत जायला सांगितलं, आणि तो ऐन वेळी आत वळला. शर्यत पूर्ण केली, हात वर केले, आणि मग प्रशिक्षक जवळ येऊन काहीतरी बोलला. क्रामरनं चष्मा काढून भिरकावला. बाद! सुवर्ण कोरियाच्या ली सुंग-हूनला. माझ्या रांगेतला एक म्हातारा डच माणूस नारंगी टोपी मांडीवर ठेवून कितीतरी वेळ तसाच बसून होता. मी त्याला पाणी आणून दिलं. दुसरं काय करणार?

ती लेन बदलायची जागा आता बॅडमिंटनच्या कोर्टांच्या आसपास कुठेतरी येते, निदान माझा अंदाज तसा आहे. आमच्या भाईसाहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, म्हणूनच तुम्ही डबल्समध्ये सारख्या माझ्या बाजूला येता.

बर्फाची एक गंमत. 15 तारखेला बर्फ गुळगुळीत करणारी गाडीच बिघडली. दुसरी आणली, तीही नीट चालेना. पुरुषांची 500 मीटर शर्यत तासाहून जास्त अडकली. आठ हजार माणसं बसलीत, सगळं जग टीव्हीवर बघतंय, आणि मधे एक गाडी बर्फावर पाणी सांडत उभी! शेवटी हजारेक किलोमीटरवरच्या कॅलगरीहून जुन्या पद्धतीची गाडी मागवली. आपल्याकडे स्पर्धेत माइक बंद पडतो तेव्हा मला हे हमखास आठवतं.

आता तुझ्या कामाचं. ही इमारत आधी इथे होणारच नव्हती. मूळ बेत बर्नबीच्या डोंगरावर, सायमन फ्रेझर विद्यापीठात बांधायचा होता. खर्चाचे आकडे फुगायला लागले आणि 2004 मध्ये रिचमंडनं ती आपल्याकडे ओढून घेतली. पण घेताना पालिकेनं डोक्यात पक्कं ठेवलं होतं की आपल्याला खेळघर हवंय, ऑलिम्पिक हा सतरा दिवसांचा भाडेकरू आहे. लग्नासाठी कुणी घर बांधत नाही. घर बांधतो, आणि जमलं तर पहिलं लग्न त्याच्या अंगणात लावतो. खेळ संपल्यावर बैठका निघाल्या, गोल धावपट्टीचा बर्फ वितळवला, दोन मैदानांपुरता ठेवला, बाकीच्या जागेत फ्लोअर आणि धावपट्टी आली. हे सगळं नकाशात आधीपासून होतं. तुमच्या संकुलाच्या नकाशात नववा दिवस काढलेला आहे का, ते बघ.

थांबते. नातवाला आणायची वेळ झाली.

बेदाणा_स्टोअर

काकूंच्या लिखाणाला +१. मी तासगावकडचा, घरचं कोल्ड स्टोरेज आहे, बेदाण्याचं. बर्फाचा प्रश्न आला म्हणून लिहितो, नाहीतर खेळातलं मला शून्य कळतं.

बर्फाचं मैदान आणि आमचं स्टोअर, तत्त्व एकच. काँक्रीटच्या लादीत पाइपांचं जाळं असतं, त्यातून गोठणबिंदूच्या खालचं ब्राइन (खारं पाणी) किंवा ग्लायकॉल (न गोठणारं द्रव) फिरतं, लादी गार होते, वर पाण्याचे पातळ थर मारून बर्फ धरतात. लोकांना वाटतं मशीन थंडी तयार करतं. मशीन थंडी करत नाही, ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकतं. आमच्याकडे ती कंडेन्सरमधून हवेत जाते. उन्हाळ्यात त्याच्याजवळ उभं राहून बघा, भाजतं.

तर व्हँकुव्हरमध्ये 2010 ला कर्लिंग (बर्फावर दगड सरकवायचा खेळ) जिथे झालं, ते हिलक्रेस्ट सेंटर. खेळ झाल्यावर तिथे एकाच छताखाली कर्लिंग क्लब, आइस रिंक, पोहण्याचा तलाव, वाचनालय आणि व्यायामशाळा आली. तिथे बर्फातून काढलेली उष्णता वाया न घालवता तलावाचं पाणी तापवायला वापरतात. एकीकडे गार करायचंय, एकीकडे गरम, मधे भिंत! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या ऑपरेटरला दाखवलं. तो म्हणाला, मालक, आपण कंडेन्सरवर निदान अंघोळीचं पाणी तरी तापवू. दोन महिन्यांत जुगाड केला, चालतोय.

मुरूमवाट, तुमच्या संकुलाला बर्फ नाही हे मला माहितीय, पण मुद्दा लक्षात घ्या. एक हॉल एकटा चालवला तर महाग पडतो. शेजारी दुसरं काहीतरी असेल, रोज माणसं येणारं, तर एकाचं दुसऱ्याला लागतं. वाचनालय आणि तलाव शेजारी ठेवायचं ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

मुरूमवाट

काकू, बेदाणादादा, दोघांचेही खूप आभार. डच आजोबांचं वाचून गलबलून आलं.

नववा दिवस बघितला. आमच्या संकुलाचे मूळ नकाशे कॉलेजच्या ओळखीनं मिळाले. त्यात व्हीआयपी कक्ष तीन आहेत, पत्रकार कक्ष आहे, ध्वजस्तंभाचा तपशील वेगळ्या पानावर आहे. बायकांचं स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर एकच, तेही स्टेजमागे. म्हणजे रोज संध्याकाळी चालायला येणाऱ्या बाईचा विचार कुणी केलाच नाही.

काकू, लाइटबिल राहिलं. आणि छताबद्दलही सांगा ना, मॅडम म्हणतात ते लाकडाचं आहे. एवढा मोठा गाळा लाकडानं कसा झाकला?

लुलूबेटकर

छत आधी, कारण ते मला आवडतं. खेळून झालं की मी चटईवर उताणी पडून कंबर ताणते आणि वर बघत राहते. साधारण शंभर मीटर रुंदीचा गाळा, मधे एकही खांब नाही. लाकूड आणि पोलाद मिळून केलेल्या मोठ्या कमानी एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जातात. त्या आतून पोकळ, तिकोनी आहेत, हवेचे पाइप त्यांच्या पोटातून नेलेत, म्हणून खालून काही लोंबताना दिसत नाही. दोन कमानींच्या मधे लाकडी पट्ट्यांचे लाटांसारखे तक्ते. जवळून फोटो काढलास तर दिसेल, साध्या दोन बाय चारच्या पट्ट्या आहेत, इथे घर बांधताना सुतार वापरतात त्याच. पायरीपायरीनं जोडून वळवल्यात. मधल्या फटींत आवाज जिरतो. नाहीतर खलबत्त्यानं डोकं उठलं असतं.

आणि ते लाकूड कुठलं? इथल्या पाइनच्या जंगलांना एका भुंग्याची कीड लागली. हिवाळे पूर्वीसारखे कडक राहिले नाहीत, भुंगे मरेनात, डोंगरच्या डोंगर लाल पडले. मेलेल्या झाडाच्या लाकडात बुरशीनं निळसर छटा येते म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं, पण ताकद कमी होत नाही. ते लाकूड इथे वापरलं. बाहेरच्या काँक्रीटच्या आधारांवर इथल्या मूळ रहिवाशांपैकी मस्क्विम जमातीच्या सुझन पॉइंट या कलाकार बाईंनी बगळा आणि सामन मासा कोरलाय. छतावरचं पावसाचं पाणी गोळा करून संडासांना वापरतात. आमच्याकडे पाऊस किती, तर ऑक्टोबर ते मार्च छत्री दारातच उघडी.

आता पैसे. गल्लीतल्या गावसकरांनी मॉन्ट्रियल काढलं ते बरोबरच आहे. त्यांच्यासाठीही लिहिते.

बांधायला 17.8 कोटी डॉलर लागले. त्यातले साधारण 6 कोटी ऑलिम्पिकच्या आयोजकांकडून आले. उरलेले गावानं उभे केले: शेजारची नदीकाठची जमीन बिल्डरला विकून, आणि गावातल्या कॅसिनोतून पालिकेला जो वाटा मिळतो त्यातून. म्हणजे नदीकाठी आता जे उंच टॉवर दिसतात, त्यांनी ओव्हलचे पैसे भरले असं समज. मला ते टॉवर आवडत नाहीत. बांधावरून चालताना पूर्वी नुसतं आभाळ दिसायचं. पण हिशेब तो असा आहे.

पण बांधायचे पैसे कुणीही कुठूनही आणतो गं. रोजचं चालवायचं कशावर? इथे खेळ होण्याच्या आधीच केंद्र आणि प्रांत सरकारनं मिळून 11 कोटी डॉलरचा एक निधी बाजूला काढून ठेवला. त्याच्या उत्पन्नातून ओव्हलला, व्हिस्लर गावातल्या बॉबस्लेडच्या (बर्फावरून घसरणाऱ्या गाडीच्या शर्यतीच्या) घसरणीला आणि तिथल्या स्कीच्या केंद्राला दरवर्षी पैसे मिळतात. मुदत ठेव ठेवावी आणि व्याजावर देवळातला नंदादीप चालावा तसं. त्यात पालिका आपले घालते, आणि बाकी आमच्यासारख्यांची वर्गणी, शिकवण्या, स्पर्धांची भाडी. चालवायला पालिकेच्याच मालकीची वेगळी कंपनी आहे. त्यामुळे नळ गळाला तर फाइल दहा टेबलांवरून जात नाही.

सगळं गोड आहे असंही समजू नकोस. ज्यांच्यासाठी ही वास्तू उभी राहिली त्या स्पीड स्केटिंगवाल्यांचं काय झालं? 400 मीटरचा बर्फच गेला. त्यांना सरावाला कॅलगरीला जावं लागतं, तिथे 1988 च्या ऑलिम्पिकचं ओव्हल विद्यापीठानं अजून चालू ठेवलंय. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं ह्याच पायी घर सोडलं. गावाला खेळघर मिळालं आणि खेळाचं घर गेलं. मी रोज तिथे जाते, तरी हे मला पटत नाही, आणि दुसरं काय करता आलं असतं तेही सांगता येत नाही.

यमुनापार

दिल्लीतून. 2010 मध्येच इथेही राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, म्हणून दोन ओळी. सिरी फोर्टला बॅडमिंटन आणि स्क्वॉश झालं, यमुना संकुलात टेबल टेनिस. दोन्ही डीडीएची (दिल्ली विकास प्राधिकरणाची) संकुलं, आणि स्पर्धेच्या कितीतरी आधीपासून तिथे सभासद येत होते. मी यमुनाला पोरीला घेऊन जायचो. स्पर्धा होती तेव्हा आम्हाला बाहेर काढलं, खूप चिडचिड झाली. संपल्यावर तीच माणसं परत त्याच बाकांवर येऊन बसली. जिथे आधी कुणी नव्हतं तिथे स्पर्धेनंतर माणसं आणणं फार अवघड, हा माझा अनुभव.

अवांतर: बेदाणादादा, अंघोळीच्या पाण्याचा जुगाड फोटोसकट वेगळ्या धाग्यात टाका.

गल्लीतला_गावसकर

काकू, मुदत ठेवीचं माहीत नव्हतं. हत्ती मागे घेतो. अर्धा.

मुरूमवाट

यमुनापारदादांचं वाचून एक लक्षात आलं. माझ्या गावात माणसं आधीपासून आहेतच, फक्त ती भगदाडातून येतात. आज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात पार्किंगमध्ये बसून मोजलं. क्रिकेटची पोरं तेवीस. चालायला येणाऱ्या बायका अकरा, त्या भगदाडातून येत नाहीत, फाटकाच्या बाजूच्या फटीतून तिरप्या होऊन येतात, साडी सावरत. दोन मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. एक आजोबा मोबाइलवर कीर्तन लावून बसलेले. सदतीस माणसं, कुलूप असताना.

वॉचमनकाकांना सांगितलं की मी प्रबंध लिहितेय. ते म्हणाले, लिही, पण त्या भिंतीचं लिहू नको, नाहीतर बुजवतील.

लुलूबेटकर

नकाशात भगदाड आहे तिथेच फाटक काढ. आणि हॉलची किल्ली कुणाच्या खिशात असते ते वॉचमनकाकांना विचारून घे, उद्याच.